‘मौ.’ म्हणजे मौलिक

आमच्या घरात भिंतीवरची चौकट दोनच वेळा खाली उतरते. एक तर भिंतीला रंग द्यायचा असला की, नाहीतर घराण्याचं नाव निघालं की. त्या रविवारी दुपारी थोरला स्टुलावर चढून ती उतरवत होता आणि घरात रंगाचा डबा कुठे दिसत नव्हता.

चौकटीत दोन वस्तू आहेत. वर फोटो आहे. विद्यापीठाच्या वृंदगान मंडळाचा पहिला ताफा, चार पायऱ्यांवर अठ्ठेचाळीस माणसं, आणि तिसऱ्या पायरीवर डावीकडून पाचवे हे. हे म्हणजे माझे यजमान. जाऊन नऊ वर्षं झाली, पण ह्या घरात नुसतं ‘हे’ म्हटलं की अजून दुसरं कोणी मनात येत नाही. अठ्ठेचाळिसांत सगळ्यांत मोठं उघडलेलं तोंड ह्यांचं. थोरला दातांचा डॉक्टर. त्याने ह्या फोटोची मोठी प्रत करून दवाखान्यात खुर्चीसमोर लावली आहे आणि पेशंटला सांगतो, “तिसरी पायरी, पाचवा माणूस. तेवढं उघडा.”

फोटोखाली ह्यांचं मंडळाचं कार्ड आहे. नाव, शाखा, पायरी, आणि शेवटच्या ओळीत सुबक अक्षरात : आवाज – मौ.

मौ. म्हणजे मौलिक. हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. मंडळात उंच आवाजापुढे उं. लिहीत, मधल्यापुढे म., आणि खालच्यापुढे खो., म्हणजे खोल. तसले आवाज गल्लोगल्ली मिळतात. मौ. त्या ताफ्यात एकच होता.

अठ्ठावन्न वर्षांनी दुसरा निघाला. शुक्रवारी विद्यापीठाच्या फलकावर यादी लागली, आणि माझ्या नातीच्या नावापुढे लिहिलं होतं : मौ.

ह्या नातीला घरात कोणी नावाने हाक मारत नाही. चालायच्या आधी ती वाट्या बडवायला शिकली. दाराची कडी, जेवणाचं टेबल, झोपलेल्या आजोबांचं टक्कल, हाताला लागेल त्यावर तिची बोटं वाजायची. म्हणून टिकटिक. आता अठरा पूर्ण, विद्यापीठाचं पहिलं वर्ष, उंचीने बापाच्या वर चार बोटं. आवाजाविषयी मी आजी म्हणून एवढंच सांगते की तिने न्हाणीघरात गाणं सुरू केलं की शेजारचे दार वाजवून विचारतात, नळात हवा आली का.

लिफ्ट शुक्रवारपासून बंद होती. माझा धाकटा लिफ्ट दुरुस्तीच्याच कामात आहे, तो सकाळपासून शाफ्टमध्ये उतरला होता. त्यामुळे वन्सं चार मजले चढून आल्या. वन्सं ह्यांची धाकटी बहीण, वय सत्तर, आणि ह्यांच्या आवाजाच्या बाबतीत शेवटचा शब्द. पहिल्या मजल्यावर त्या म्हणाल्या की हल्ली कोणाला काम नको. दुसऱ्यावर म्हणाल्या की पूर्वी पायऱ्या बुटक्या असायच्या. तिसऱ्यावर धाप लागली म्हणून मत राहून गेलं, ते त्यांनी दारात पोचल्यावर दिलं.

“मी म्हणत होते ना! एक पिढी सोडून येतो म्हणून! कुठेय ती? कुठेय माझ्या दादाचा आवाज?”

“आत्याआजी, आधी पाणी घे.”

“पाणी कसलं घेतेस! ये इकडे. आ कर.” वन्संनी तिची हनुवटी धरून तिच्या घशात डोकावून पाहिलं. “बघ, बघ. दादाचीच पडजीभ.”

थोरला रोज तीस घसे बघतो. त्यानेही वाकून पाहिलं आणि गंभीरपणे मान डोलावली.

सगळे जेवणाच्या टेबलाभोवती बसले. मधोमध चौकट, तिच्या शेजारी टिकटिकचं नवं कार्ड आणि मंडळाचा प्रवेशाचा फॉर्म. फॉर्म सोमवारी अकराच्या आत द्यायचा होता. विद्यापीठात गाण्याबजावण्याचे सतरा गट, पण सगळ्यांचा सराव गुरुवारी चार वाजता, म्हणून एका विद्यार्थ्याला एकच गट. हा नियम माझ्या वेळेसही होता. कोणाला सुचला कोण जाणे, पण टिकला.

“आता पहिल्यापासून सांग,” वन्सं म्हणाल्या. “काही गाळू नकोस.”

“नावनोंदणीच्या दिवशी मैदानात टेबलंच टेबलं होती. वृंदगान, वाद्यवृंद, पितळी वाद्यांचा बँड. एका टेबलावर तर नुसते शीळ घालणारे होते. मी बघत होते तेवढ्यात बाबांनी मला हात धरून सरळ वृंदगानाच्या टेबलाशी नेलं.”

“हात धरला नव्हता. वाट दाखवली,” थोरला म्हणाला.

“अहो, मनगट लाल झालं होतं पोरीचं,” सूनबाई स्वयंपाकघरातून म्हणाली.

“मग आवाजाची चाचणी. सरांनी पियानोवर एक स्वर दिला, म्हणाले, लावा. मी लावला. त्यांनी पियानोकडे बघितलं, बिघडला की काय म्हणून. मग दुसरा दिला. तोही मी लावला. मग त्यांनी विचारलं, तुमची उंची किती?”

“छातीचा भाता केवढा ते बघायला,” वन्संनी आम्हाला समजावलं.

“मग आडनाव विचारलं. म्हणाले, आमच्या पहिल्या ताफ्यातले ते तुमचे कोण? मी म्हटलं, आजोबा. तर ते हसले.”

“आनंदाने.”

“असेल. आणि म्हणाले, तुम्ही सरावाला नाही आलात तरी चालेल. फक्त कार्यक्रमाच्या दिवशी या. पांढरा सदरा घालून, वरच्या पायरीवर.”

थोरल्याने टेबलावर हात ठेवला. “ऐकलंत? बाकी सत्तेचाळिसांना वर्षभर घोटून घेतात. हिला सरावाची गरज नाही.”

“दादालाही नव्हती.” वन्संनी चष्मा काढून डोळे पुसले. “सगळे गात बसायचे आणि दादा नुसता वहिनीच्या पियानोची पानं उलटायचा. मास्तरच म्हणायचे, तुम्ही कशाला घसा शिणवता? हो ना गं वहिनी?”

मी चहाचे कप मोजले.

पानं उलटायचे हे मात्र खरं. मी मंडळात पियानो वाजवायचे. ह्यांना स्वरलिपीतलं अक्षर कळत नसे, पण पानाचा शेवट आला की माझा डावा खांदा जरासा वर जातो हे त्यांनी पहिल्याच गुरुवारी ओळखलं. कधी एक मात्रा चुकली नाही. अशा माणसाशी मी लग्न केलं, आणि गाण्याचा त्यात तसा काही संबंध नव्हता.

थोरला त्या वेळी मांडीवर वही ठेवून भाषण जुळवत होता. ते मला नंतर त्याच्या दवाखान्यातल्या चिठ्ठ्यांच्या वहीत सापडलं, एका बाजूला दाढेच्या दुखण्याची गोळी आणि मागे ‘आदरणीय कुलगुरू, आमच्या घराण्याने विद्यापीठाला दोन मौलिक आवाज दिले’. तो स्वतः तीस वर्षांपूर्वी त्याच चाचणीला गेला होता. जागा भरल्या आहेत, असं सांगून त्याला परत पाठवलं. त्याच्यामागून आत गेलेल्या दोघांना घेतलं, हे त्याने दाराच्या फटीतून पाहिलं होतं. तेव्हापासून त्याचा असा समज आहे की त्यात राजकारण होतं.

सूनबाई रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. बोलते कमी. शनिवारी टिकटिकची जीन्स धुवायला टाकताना तिला खिशात दुसरं एक कार्ड मिळालं होतं. ते तिने वाचलं, परत खिशात ठेवलं, आणि जीन्स न धुताच घडी करून ठेवून दिली. मुलगी आपल्या तोंडाने सांगते का, ह्याची ती तेव्हापासून वाट बघत होती. मुलगी सांगत नव्हती. नुसती टेबलाखालून फळीवर बोटं वाजवत होती, अगदी हलकी, आणि कपांतला चहा थरथरत होता.

“मला एक सांगाल का?” सूनबाई ट्रे ठेवत म्हणाली. “मौ. म्हणजे मौलिक, हे लिहिलंय कुठे?”

“म्हणजे?” थोरला म्हणाला.

“आमच्याकडे नळीवर एकच अक्षर असतं. त्याचा अर्थ कोणी घरी बसून लावत नाही. तक्ता असतो, त्यात बघतात. मंडळाचा तक्ता कोणी बघितलाय का?”

“अगं, अठ्ठावन्न वर्षं झाली!”

“तेच विचारतेय. एवढ्या वर्षांत कोणीच?”

“तुमच्या लॅबमध्ये रक्त असतं ना?” वन्सं म्हणाल्या. “इथेही रक्तच आहे. आमचं. त्याला तक्ता लागत नाही.”

सूनबाईने माझ्याकडे पाहिलं. एरवी ती सासूकडे मदतीसाठी बघणाऱ्यातली नाही. मी साखर ढवळली. माझ्या चहात साखर नसते.

तेवढ्यात धाकटा आला. हाताला ग्रीस, कानामागे पेन्सिल, खांद्याला हत्यारांची पिशवी.

“काय मौलिक मंडळी, चहा आहे का?”

“हात धू आधी,” वन्सं म्हणाल्या. “आणि ह्या कार्डाला हात लावू नकोस.”

“नाही लावत. मला कार्डं लाभत नाहीत.”

तो हसत म्हणाला आणि सगळे हसले. मी हसले नाही, कारण त्याचं कार्ड कुठे आहे ते मला ठाऊक होतं.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी धाकटा असाच मंडळाचं कार्ड घेऊन चार मजले पळत आला होता. तेव्हा लिफ्ट चालू होती, पण तिची वाट बघायला त्याला धीर नव्हता. कार्डावर होतं : आवाज – म. थोरला दोनच वर्षांपूर्वी नापास झालेला. त्याने कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, “मध्यम?” वन्सं त्या दिवशीही इथेच होत्या. त्या म्हणाल्या, “ह्या घरात मध्यम? दादाला काय वाटेल!” दादा पेपर वाचत होते. अर्धा तास त्यांनी पान उलटलं नाही. पानं उलटण्यात कधी न चुकणारा माणूस. धाकट्याने एकदा बापाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी म्हणाले, “थांबा हं, गॅसवर दूध आहे,” आणि आत गेले.

गॅसवर दूध नव्हतं.

मी बाहेर आले तेव्हा धाकटा कार्डाची घडी करून डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारत होता. “घ्या, काहीतरी उपयोग झाला,” म्हणाला. तो मंडळात गेला नाही. पुढच्या वर्षी लिफ्टच्या कामाला लागला. टेबल तेव्हापासून डगमगलं नाही. ह्याच टेबलाभोवती आम्ही आता बसलो होतो.

“सही कर,” थोरल्याने टिकटिकपुढे फॉर्म आणि पेन सरकवलं. “थांब. आत्या, तू मागे उभी राहा. फोटो काढू.”

टिकटिकने पेन घेतलं. टोपण काढलं, लावलं, परत काढलं. मग खिशातून दुसरं कार्ड काढून फॉर्मवर ठेवलं.

“बाबा, मी तालवृंदाच्या टेबलावरही गेले होते.”

“कसल्या?”

“तालवृंद. ढोल, पिंपं, लाकडी पेट्या, सगळं. त्यांच्या ताईने कचऱ्याचा डबा उपडा करून दिला, म्हणाली, ह्यावर काय येतं ते वाजव. मी वाजवलं. मैदानातली माणसं जमली. तिने मला लगेच घेतलं.”

“बडवाबडवी!” थोरला म्हणाला.

“मौलिक गळा टाकून कचऱ्याचे डबे बडवणार?” वन्सं म्हणाल्या. “अगं, डबा कोणीही बडवेल! गळा देव देतो!”

“वाजवू दे की,” धाकटा म्हणाला.

“तू गप्प बस. तुला काय कळतंय मौलिकातलं.”

“बरोबर आहे. मी मध्यम.”

“आत्याआजी, ऐक ना.” टिकटिकने बोटांनी टेबलाची कड घट्ट धरली. “तालवृंदात मला गुरुवारी बोलावलंय. शनिवारीसुद्धा. दर आठवड्याला. तिकडे मी नाही गेले तर त्यांना कळतं. वृंदगानात मी गेले काय, नाही गेले काय, सर म्हणाले, चालेल. मला कुठंतरी न जाऊन चालत नाही असं हवंय.”

सूनबाई येऊन मुलीच्या खुर्चीमागे उभी राहिली. एवढ्याने घराचे दोन भाग झाले. एका बाजूला वन्सं, थोरला आणि चौकट. दुसऱ्या बाजूला माय-लेकी. धाकटा दाराशी, कप हातात, नेहमीसारखा कोणाच्याच बाजूला नाही.

वन्सं माझ्याकडे वळल्या.

“वहिनी, तू सांग हिला. तू होतीस तिथं. दर गुरुवारी पियानोवर तू होतीस. दादाला गाताना ऐकलेलं आता तुझ्याशिवाय कोणी उरलं नाही गं. पोरीला सांग, काय टाकून चालली आहे ती.”

धाकट्याने कप खाली ठेवला. “मी निघतो आई. तारेचं काम राहिलंय.”

तो माझ्याकडे बघत नव्हता. त्या दिवशी बघितलं होतं, आज बघत नव्हता. मला आतून गॅसची आठवण झाली. उठावं, दूध बघावं, दोन मिनिटांनी बाहेर यावं. तोवर पोरगी सही करून मोकळी होईल. वर्षातून एकदा पांढरा सदरा घालून वरच्या पायरीवर उभी राहील, तोंड उघडेल आणि मिटेल. फोटो छान येईल. आमच्या घरात अशीच सवय आहे.

“मी ऐकलं नाही,” मी म्हणाले.

“काय ऐकलं नाही?”

“ह्यांना गाताना. कोणीच ऐकलं नाही, वन्सं. मौ. म्हणजे मौन.”

खाली कुठेतरी कोणी लिफ्टचं बटण दाबून बघत होतं, तो खटका ऐकू आला.

“मास्तरांना चार पायऱ्या भरलेल्या लागायच्या,” मी म्हणाले. “प्रत्येकीवर बारा. पायरी मोकळी दिसली की गाणं बोडकं दिसतं, म्हणायचे. गाणारे निघाले सत्तेचाळीस. एक माणूस कमी पडला. हे उंच होते, तोंड छान उघडायचे. मास्तर सभ्य माणूस, ते कोणाला गाऊ नका म्हणत नसत. म्हणायचे, तुम्ही शब्द मनात म्हणा, ओठ तेवढे हलवा. आणि कार्डावर मौ. सरावाला नाही आलं तरी चालेल, हेही तेव्हा असंच सांगायचे.”

“तुला कोणी सांगितलं हे?” थोरल्याने विचारलं.

“कोणी कशाला सांगायला हवं? मास्तर सांगायचे आणि कार्डं मी लिहायचे. नीट बघ. ते अक्षर माझं आहे.”

थोरल्याने चौकट उचलून डोळ्यांजवळ नेली. माझ्या हातच्या वाणसामानाच्या याद्या त्याने जन्मभर पाहिल्या आहेत. त्याने चौकट हळूच खाली ठेवली.

“पण तोंड बघ ना फोटोत. केवढं उघडलंय!”

“उघडलंच आहे. फोटोत आवाज येत नाही.”

“बाबा आवाज जपायचे,” तो म्हणाला. “म्हणून घरात गात नसत.”

“इतका जपला की वापरलाच नाही. होता तसा घेऊन गेले.”

“मग मला,” थोरला थांबला. कपाळावर आठ्या आल्या. “मला जागा भरल्या आहेत म्हणाले, आणि मागच्या दोघांना घेतलं. समज, आवाज नव्हता. पण मग मला मौ. का नाही दिलं?”

“अरे डॉक्टर,” धाकटा दारातून म्हणाला, “तू बुटका आहेस.”

सूनबाईने तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते.

वन्सं मात्र हसल्या नाहीत. त्या कार्डाकडे बघत होत्या.

“दादाने मला स्वतः सांगितलं होतं,” शेवटी त्या म्हणाल्या. पण आवाजात जोर नव्हता.

“नाही, वन्सं. त्यांनी मला लग्नाआधीच सगळं सांगितलं. ते कार्ड घेऊन घरी आले, तुम्ही हातातून हिसकावलंत आणि तुम्हीच विचारलंत, दादा, मौ. म्हणजे मौलिक ना? त्यांनी नुसती मान हलवली. खरं सांगावं म्हणून तोंड उघडलं, तोवर तुम्ही खालच्या तीन घरांत सांगून आला होतात.”

“मी बारा वर्षांची होते.”

“म्हणूनच. त्या तीन घरांत तुम्हाला परत पाठवायचा त्यांना धीर झाला नाही.”

वन्संनी चष्मा काढला, काच पुसली, लावला. पुढे कधीतरी त्या मला म्हणाल्या की त्या क्षणी त्यांना दादाचा राग आला नव्हता. शाळेतली एक मुलगी आठवली होती, मौलिक शब्दाचा अर्थ जिने विचारला होता आणि जिला त्यांनी, तुला नाही कळायचं, असं सांगितलं होतं. त्यांनाही तो नीट ठाऊक नव्हता. नवाच शिकलेला शब्द होता, कुठेतरी वापरायचा होता.

“आणि म.?” धाकट्याने विचारलं.

त्याने चेष्टेने विचारलं असतं तर बरं झालं असतं.

“मधला,” मी म्हणाले. “नुसता मधला. मास्तर म्हणायचे, उंच आणि खोल मिळतात, मधला शोधावा लागतो. मधले आवाज नसले की बाकीचे एकमेकांना सापडत नाहीत. तुझा चांगलाच असणार. नसता तर घेतलं नसतं.”

“हे मला तेव्हा का नाही सांगितलंस, आई?”

“गॅसवर दूध होतं.”

“नव्हतं,” तो म्हणाला.

म्हणजे तोही जाणून होता. अठ्ठावीस वर्षं रोज माझ्या हातचा चहा पीत होता आणि जाणून होता.

टिकटिक खुर्चीवरून उठली आणि टेबलाखाली शिरली. आम्हाला वाटलं पेन पडलं. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात घडी घातलेलं, कडा झिजलेलं, चपटं झालेलं कार्ड होतं.

“काका, तुझं.”

त्याने ते उघडलं नाही. सदऱ्याच्या खिशात टाकलं, पिशवी खांद्याला लावली, “तारेचं काम राहिलंय” असं परत एकदा म्हणाला आणि जिना उतरून गेला.

टेबल डगमगलं. चहा वृंदगानाच्या फॉर्मवर सांडला. सूनबाईने तो निष्काळजीपणे पुसला, म्हणजे आणखी पसरवला, आणि टिकटिकने खिशातून तालवृंदाचा फॉर्म काढून त्यावर सही केली. थोरल्याने हरकत घेतली नाही. तो भिंतीजवळ जाऊन दाराच्या चौकटीला पाठ लावून आपली उंची अजमावत होता.

“एक मात्र आहे,” वन्सं म्हणाल्या.

आम्ही सगळ्यांनी मान वर केली. त्यांचा आवाज परत आला होता.

“आवाज न काढता अठ्ठेचाळिसांत बेमालूम ओठ हलवायचे म्हणजे गंमत नाही. एक मात्रा इकडची तिकडे झाली असती तर लोकांना कळलं असतं. कोणाला कळलं? नाही. पानंसुद्धा अचूक उलटायचा. का? तर दादा मुळात तालाचा माणूस! गळा हा विषयच नव्हता. तरी मी म्हणत होते, पोरगी लहानपणापासून वाट्या बडवते, हे येतंय कुठून?” त्यांनी पर्समधून फोन काढला. “तीन घरांतलं एक अजून आहे. तिला कळवते.”

“काय कळवतेस आत्या?” थोरला जवळ आला.

“एक पिढी सोडून येतो म्हणून.”

थोरल्याने खिशातून वही काढली, ‘आवाज’ खोडला आणि वर ‘ताल’ लिहिलं. बाकी भाषण तसंच चाललं असतं. मी डोक्याला हात लावला, पण मनातून मला बरंच वाटलं. माणसाने जुनी खोटी गोष्ट टाकताना हाताशी नवी असावी, नाहीतर पडायला होतं. आणि खरं सांगायचं तर ही अगदीच खोटी नव्हती.

वन्संनी नंबर लावला. पलीकडून कोणी उचलेपर्यंत त्या थांबल्या, आणि त्या शांततेत शाफ्टमधून काहीतरी वर आलं. आधी वाटलं मोटर चालू झाली. मग कळलं की गळा आहे. उंच नाही, खोल नाही, शब्दही कळत नव्हते, पण चारी मजल्यांच्या भिंतींना धरून तो सरळ वर चढत होता, आणि आमच्या दारापाशी येऊन थांबत होता, आणि परत पहिल्यापासून. टिकटिकची बोटं टेबलाच्या कडेवर आली. टेबल डगमगत होतं, तेही तिने तालात घेतलं.

फोनमधून कोणीतरी हॅलो, हॅलो म्हणत होतं. वन्संनी फोन कानापासून दूर धरला.

“कोण गं गातंय?”

“मध्यम,” मी म्हणाले.